टीव्हीवरचा ‘दडवलेला इतिहास’ बघताना या चुका टाळा

रात्री टीव्हीवर परग्रहवासी उतरले की सकाळी साताऱ्यात राजवाड्यासमोर चहाबरोबर तोच विषय. बघायला हरकत नाही, मीही आवडीनं बघतो. फक्त हे सांभाळा.

प्रश्नालाच उत्तर समजू नका. “हे माणसाला शक्य होतं का?” असं निवेदक तीनदा विचारतो आणि ब्रेकनंतर ‘शक्य नव्हतं’ हे गृहीतच धरून पुढं जातो. प्रश्नचिन्ह काढून ते वाक्य म्हणून बघा. ते छातीठोकपणे म्हणायला कुणी उभं राहत नाही.

आकड्यानं दिपून जाऊ नका. वेरूळचं कैलास लेणं घ्या. “लाखो टन खडक, फक्त अठरा वर्षं!” पण ही अठरा वर्षं कुठल्याही शिलालेखात नाहीत. म्हणजे ‘रोज इतके टन’ या भागाकाराचा पायाच हवेत. काम एकापेक्षा जास्त राजवटींत चाललं, असं अनेक अभ्यासक मानतात. वरून खाली कोरत आल्यानं परांची बांधायचा खटाटोपही वाचला. छिन्नीचे घाव आजही भिंतींवर दिसतात. आणि मौज अशी, की राष्ट्रकूट घराण्यातल्या कर्कराजाच्या 812 सालच्या ताम्रपटात विमानांतून जाणारे देवच हे मंदिर बघून थक्क होतात आणि शिल्पी म्हणतो, हे मी केलं तरी कसं! म्हणजे विमानवाले इथं नुसते प्रेक्षक. चॅनलवाले ‘विमान’ तेवढं उचलतात, शिल्प्याला गाळतात.

उलट टोकालाही जाऊ नका. कट म्हटला की थापच, असं नसतं. 1839 मध्ये साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांना इंग्रजांनी पदच्युत केलं, ते गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून. म्हणजे कटाची गोष्ट इथं खुद्द सरकारच सांगत होतं. ती खोडायला महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये वर्षानुवर्षं तळ ठोकून राहिले. अर्ज केले, पुरावे उलटतपासले. शंका घ्यायची तर अशी: पत्र कुणाचं, शिक्का खरा का, फायदा कुणाचा?

हेच रंगो बापूजी 1857 च्या धामधुमीत नाहीसे झाले. पुढं काय झालं याचा पक्का कागद नाही. इथं चॅनल ढोल वाजवून भुयार दाखवील. तेव्हा आवाज बंद करून बघा. निम्मा पुरावा पार्श्वसंगीतातच असतो.

घरातले काका ऐकतच नसतील तर वाद घालू नका. “काका, हा आकडा कुणी मोजला?” एवढंच विचारा आणि चॅनल तोच राहू द्या.