बत्तीस पानांत खाशाबा: मुलांसाठी चित्रचरित्र घरी कसं करावं

माणूस एकच निवडा. चित्रकार हवा असेल तर एम. एफ. हुसेन आपल्या पंढरपुरात जन्मले. फक्त त्यांची चित्रं उचलून छापू नका. ते २०११ मध्ये गेले आणि स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. इथे उदाहरणाला पैलवान खाशाबा जाधव घेतलेत, कारण तालमीतली लाल माती आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या पोरांना समजावून सांगावी लागत नाही.

ए-फोरचे आठ कागद मधोमध दुमडले की ३२ पानं होतात. पान १ नाव, पान २ माहिती, पान ३ सुरुवात. पुढे ४-५ पासून ३०-३१ पर्यंत चौदा जोडपानं, आणि ३२ वर शेवट.

खरी गोची या चौदा जोडपानांत आयुष्य बसवताना होते. "१५ जानेवारी १९२६ रोजी गोळेश्वर येथे जन्म" अशी सुरुवात करूच नका, तो शोकसभेतला परिचय वाटतो. जन्मतारीख पान ३२ वर टाका. सुरुवात १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमधून करा. मातीत वाढलेल्या पैलवानाच्या पायाखाली पहिल्यांदाच मॅट. चित्रात फक्त दोन पावलं, मजकुरात एक ओळ. सहावा नंबर आला हे मात्र त्याच पानावर सांगायचं नाही. पोराने पान उलटल्यावरच ते कळलं पाहिजे. प्रत्येक उजव्या पानाच्या तळाशी असा काहीतरी अडकवलेला प्रश्न हवा. तो नसेल तर पोर तिसऱ्या पानावर उठून जातं.

दुसरी चूक म्हणजे चित्रात दिसतं तेच खाली लिहिणं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. चित्रात घर काढलंय ना? मग घराचं वर्णन नको, "सात हजार रुपये" एवढं पुरे. आणि कृपा करून खाशाबांच्या तोंडी "मी देशासाठी लढेन!" असली वाक्यं घालू नका. नोंद नसलेला संवाद म्हणजे थाप. १९५२ चं कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, त्याला फोडणीची गरज नाही.

जोडपानाला ३० ते ४० शब्द. 'अथक परिश्रम', 'दृढ निर्धार' खोडा. सोलापूरच्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं बसतात, त्यांना 'रोज पहाटे जोर-बैठका' लगेच दिसतं. अक्षर १८ ते २० पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात.

छपाई झेरॉक्सवाल्याकडे. कागदाच्या एका बाजूला येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी ३३ हवी: ३२ शेजारी १, पाठीमागे २ शेजारी ३१. दोन्ही बाजूंनी छापताना कागद आखूड कडेवर उलटवायला सांगा, नाहीतर मागची पानं उलटी छापली जातात. सलग एका कागदावरचं जोडपान फक्त १६-१७, म्हणून पदकाचं मोठं चित्र तिथेच. बाकी जोडपानांत घडीपासून दीड सेंटिमीटर आत चेहरा येऊ देऊ नका, शिवणीत नाक जातं.

मध्ये तीन टाके. आतली पानं बाहेरच्यांपेक्षा किंचित पुढे येतातच, म्हणून कडा शिवल्यानंतरच कापा.