काइटसर्फिंगचं सामान घेताय? बेळगावकरांनो, या चुका टाळा

काइटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डावर उभं राहून पाण्यावरून घसरत जाणं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला काइटसाठी जवळचा समुद्र म्हणजे गोव्याचा. फेब्रुवारी ते मे मोरजीला दुपारनंतर जो वारा सुटतो, तो बहुधा १२ ते १५ नॉटचा, म्हणजे ताशी २२ ते २८ किलोमीटर. सामान या वाऱ्याला बघून घ्यायचं. पण ३० नॉटमधल्या उंच उड्यांचे व्हिडिओ बघून ९ चौरस मीटरचा, या वाऱ्याला लहान पडणारा काइट घेतला जातो आणि मग चोर्ला घाट उतरून नुसतं वाळूत बसायची वेळ येते.

ढोबळ हिशेब असा: किलोतलं वजन गुणिले २.२, भागिले वाऱ्याचे नॉट. ७५ किलोच्या माणसाला १५ नॉटला ११ आणि १२ नॉटला जवळपास १४ चौरस मीटर लागतात. एकच काइट परवडत असेल तर १२ चा घ्या आणि उरलेली कसर बोर्डावर काढा. १४५ सेंटिमीटरच्या आसपासचा, रुंद, कमी वाकाचा बोर्ड थोड्या ओढीतही पाण्यावर चढतो. जास्त वाकाचा बोर्ड लाटांत आणि उडी उतरताना मऊ जातो, पण त्याला ओढ जास्त लागते.

‘सगळ्याला चालतो’ असं सांगून विकलेला काइट नीट तपासा. शिकणाऱ्याला आणि निवांत फिरणाऱ्याला तीन स्ट्रटचा (स्ट्रट म्हणजे काइटला आधार देणारी फुगवलेली नळी) बो किंवा डेल्टा आकार बरा: बार, म्हणजे हातातला दांडा, ढकलला की ओढ झपकन कमी होते आणि पाण्यात पडलेला काइट सहज उठतो. पाच स्ट्रटचा लांबट काइट उंच उडवतो, पण मंद वाऱ्यात उठायला कुरकुरतो. सी आकार हार्नेसचा (कमरेच्या पट्ट्याचा) हुक सोडून कसरती करणाऱ्यांचा. त्यात ओढ फारशी कमी करता येत नाही, म्हणून नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

जुनं सामान घेत असाल तर काइट ६ ते ८ पीएसआयपर्यंत फुगवून दोन तास सावलीत ठेवा. लीडिंग एज, म्हणजे पुढची फुगवलेली कड, मऊ पडली तर ब्लॅडर (आतली हवेची पिशवी) किंवा व्हॉल्व गळतोय. क्विक रिलीज, म्हणजे अडचणीत काइटची ओढ झटक्यात सोडवणारी कळ, हाताने सोडून बघा. अडकत असेल तर तो बार फुकट मिळाला तरी नको. मग चारही दोऱ्या गेटच्या एकाच हुकाला लावून बार सरळ ताणा. पुढच्या दोऱ्यांवर भार जास्त असतो, त्यामुळे त्या ताणून लांब होतात आणि मागच्या दोऱ्या त्यांच्यापुढे आखूड पडतात. असा काइट हवेत मागे सरकून कोसळतो, आणि लोक वाऱ्याला दोष देतात. आधी ट्रिमचा पट्टा (पुढच्या दोऱ्या आखूड करणारा) थोडा ओढा. काइट सावरला तर दोष दोऱ्यांतच आहे. मग मागच्या दोऱ्या काइटपासून लांबच्या गाठीला बांधा, म्हणजे त्यांची कमी पडलेली लांबी भरून निघेल.

हार्नेस बरगड्यांवर चढत असेल तर तो सैल आहे. तो दुकानात घालून, हुकाला लटकून बघूनच घ्यावा.

हिडकल धरणाच्या पाण्यात सराव करू, असा विचार कुणी करत असेल तर सोडून द्या. टेकड्यांवरून येणारा वारा मध्येच पडतो, मध्येच झटका देतो. योग्य मापाचा काइटही तिथे धोक्याचा. राकसकोपचं धरण तर बेळगाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचं.

परतताना ओला काइट उन्हातल्या गाडीत कोंबू नका. तापलेल्या डिकीत व्हॉल्वचा गोंद सुटतो. घरी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.