सेल्युलर जेल बघायला जाताय? मग सुरुवात रत्नागिरीतून करा

आमच्याकडचे बरेच लोक अंदमानला जातात, बीचचे फोटो टाकतात आणि जेल अर्ध्या तासात उरकून येतात, म्हणून हे लिहितोय.

आधी रत्नागिरीच्या जेलमधली सावरकरांची खोली बघा. जेल अजून चालू आहे, त्यामुळे गेटवर आधीच विचारून ठेवा. १९२१ मध्ये त्यांना अंदमानातून परत आणलं, मग इथे ठेवलं आणि १९२४ पासून १९३७ पर्यंत ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते. म्हणजे आपण ही गोष्ट उलटी, शेवटाकडून वाचतोय, पण डोक्यात मस्त बसते.

पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) सेल्युलर जेलमध्ये सकाळीच आत शिरा, ऊन चढलं की पोरं कुरकुरतात. आधी मधल्या टॉवरवर जा. १८९६ ते १९०६ मध्ये बांधलेल्या सात विंग्स इथून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघायच्या, आता तीनच उरल्यात. नीट बघा, एका विंगच्या कोठड्यांची दारं समोरच्या विंगच्या पाठीकडे तोंड करून आहेत, म्हणजे कैद्याला कैदी दिसूच नये! तात्याराव म्हणजे आपले सावरकर आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव, सख्खे भाऊ एकाच जेलात, तरी सुरुवातीला बराच काळ भेट नाही.

मग एका कोठडीत एकट्याने पाच मिनिटं उभे राहा, मोबाईल खिशात. खाली कोलू, म्हणजे तेलाचा घाणा आहे, त्याला बैलासारखं जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायला लावायचे. आपण नारळाच्या गावचे ना, घाण्याचं काम काय असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

१९३३ च्या उपोषणात गेलेल्या महावीर सिंग, मोहित मोईत्रा, मोहन किशोर नामदास यांची नावं पोरांना मोठ्याने वाचायला लावा. जेल कुठल्या दिवशी बंद असतं ते तिकीट काढण्याआधी बघा.