परिच्छेद लिहून झाला की पेन्सिल उचला
मराठी माध्यमातून आलेली मुलं ब्रिज कोर्सला, म्हणजे इंग्रजीतून शिकायच्या आधीच्या तयारीच्या वर्गाला, इंग्रजी परिच्छेद लिहिताना आधी मनात मराठी वाक्य जुळवतात. मराठीत क्रियापद बहुतेक वेळा शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्यामागोमाग. तिथेच गाडी अडते. म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यात कर्त्याला गोल करा आणि क्रियापदाखाली रेघ मारा.

‘माय फादर वर्क इन द फील्ड.’ गोल ‘फादर’ला, रेघ ‘वर्क’ला. कर्ता एकटा, म्हणजे ‘तो’. मग ‘वर्क्स’ हवं. ‘माय व्हिलेज व्हेरी ब्यूटिफुल’मध्ये तर रेघ मारायला काही सापडतच नाही. ‘इज’ राहिलाय, कारण मराठीत ‘माझं गाव फार सुंदर’ एवढ्यावर भागतं. ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते, आणि ती आळसाची नाही, सवयीची आहे.

मग नुसत्या रेघा ओळीने वाचा. वर्तमानकाळातून मध्येच भूतकाळात घसरला असाल तर लगेच कळतं. ‘अ’ आणि ‘द’च्या चुका सध्या राहू द्या, त्या वाचनाने हळूहळू सुटतात.

रोज पाचच वाक्यं लिहा. पहिल्या वाक्यात आजीचा मळा असेल तर चौथ्यात क्रिकेट नको.