नानांसाठी ‘श्यामची आई’ वाचायला बसलात, तर आधी कूलर बंद करा

नाना एसटीत कंडक्टर होते, अमळनेर डेपोला. मुक्कामी गाडी नसेल त्या रात्री घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, गोधड्या पसरायच्या आणि ते आम्हाला ‘श्यामची आई’ वाचून दाखवायचे. मध्येच थांबून अहिराणीत विचारायचे, “जपी ग्यात का रे?”, म्हणजे झोपलात का रे. कोणी ‘नाही’ म्हटलं की पुढचं पान. ते गेल्यावर ठरवलं, वर्षश्राद्धापर्यंत सगळ्या ४२ रात्री (पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’च म्हटलंय) माझ्या आवाजात रेकॉर्ड करायच्या आणि भाचरांना द्यायच्या. ते जमलं नाही. का जमलं नाही, ते सांगायलाच हे लिहितोय. असं काही करायचं मनात असणारे बरेच भेटतात, आणि बहुतेक जण माझ्याच खड्ड्यात पडतील असं वाटतं.

मोबाईल, ॲप, इअरफोन हे तुम्हाला ठाऊक आहेच, त्यावर वेळ घालवत नाही. फाईल वेव्ह (WAV) प्रकारात ठेवा, म्हणजे आवाज दाबला जात नाही; मोनो, म्हणजे एकपदरी आवाज, पुरे. मोबाईल तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरा, नाहीतर प्रत्येक ‘फ’ आणि ‘भ’ला फुंकर आदळते. वाक्य चुकलं तर रेकॉर्डिंग थांबवू नका. एक टाळी वाजवा आणि तेच वाक्य परत वाचा. नंतर कापताना पडद्यावरच्या आवाजाच्या रेघेत टाळीचा उंच काटा लगेच दिसतो.

आता कूलर. नानांची तिथी ज्येष्ठातली. म्हणजे घाई एप्रिल-मेमध्ये, आणि आपल्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे, पारा ४४-४५ वर. मी कूलर बाहेरच्या खोलीत सरकवला, दार लोटलं आणि वाचत सुटलो. एका ‘जाणकारा’ने सांगितलं होतं, “आवाज नंतर काढता येतो, एक बटण दाबायचं.” अशा माणसांपासून लांब राहा. १९ रात्री वाचून झाल्यावर मी ते बटण दाबलं. कूलर गेला, पण त्याच्याबरोबर ‘श्याम’मधला ‘श’ही गेला. सगळीकडे ‘याम’! आणि माझा आवाज असा, जणू मी हौदात बुडी मारून वाचतोय.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. साध्या पंख्याचा घूं-घूं आवाज खालच्या पट्टीत असतो, तो बराचसा काढता येतो. कूलरचा आवाज म्हणजे वारा आणि पाण्याची सरसर, खालपासून वरपर्यंत पसरलेली. आणि श, ष, स म्हणजे तरी काय? घर्षण होत बाहेर पडणारी हवा, म्हणजे सरसरच. सॉफ्टवेअर कूलरचा नमुना घेतं आणि त्यासारखं दिसेल ते छाटत जातं. त्यातली कुठली सरसर कूलरची आणि कुठली श्यामची, हे त्याला कसं कळणार? आणखी एक गोष्ट. काही रेकॉर्डिंग ॲपमध्ये ही छाटणी आधीपासूनच चालू असते, म्हणजे तुमचा ‘श’ फाईलमध्ये येण्याआधीच जातो. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा. मग ‘शशी सकाळी शाळेत शेंगा सोलत बसली’ असं काहीतरी रेकॉर्ड करून इअरफोनवर ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यावर सगळंच बरं वाटतं. मी १९ रात्री स्पीकरवरच तपासल्या होत्या.

सगळ्या पुसल्या. दोन दिवस कोणाशी बोललो नाही. तुमच्याही पुसाव्या लागल्या तर फार मनाला लावून घेऊ नका. तोवर पुस्तक तुमच्या जिभेवर बसलेलं असतं, दुसऱ्या खेपेला निम्म्या चुका होत नाहीत.

हक्कांचं विचाराल तर, साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणून १ जानेवारी २०११ पासून मूळ मजकूर मोकळा आहे. पण नव्या आवृत्तीतली दुसऱ्या कोणाची प्रस्तावना, टिपा किंवा संक्षेप वाचू नका, ते मोकळे असतीलच असं नाही. परदेशातल्या ठिकाणी चढवणार असाल तर तिथला हिशेब वेगळा असतो, तो आधी बघा.

उच्चारांच्या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. आवाजाच्या कार्यशाळेत मला सांगितलं, “तुमचा खान्देशी हेल काढावा लागेल.” मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, यातला ‘ज’ वेगळा आहे, तेवढं जरूर सांभाळा. ‘डोळा’चा ‘डोया’ होत असेल तर तेही सुधारा, छापलंय ते वाचायचंय. पण हेल राहू द्या. पुस्तक कोकणातलं, लिहिलेलं नाशिकच्या तुरुंगात, १९३३ साली. पण गुरुजी ‘गुरुजी’ झाले ते आमच्या अमळनेरात, प्रताप हायस्कूलमध्ये सहा वर्षं शिकवून. श्यामच्या पोहण्याचा भाग आला की नाना आमच्या बोरी नदीकडे हात करायचे. ती बहुतेक कोरडीच असायची.

एका मित्राने सुचवलं, नानांचे व्हॉट्सॲपवरचे निरोप मशीनला द्यायचे, ते त्यांच्याच आवाजात अख्खं पुस्तक वाचून देईल. मी नाही म्हटलं. त्या निरोपांत ते फक्त ‘भाकर खाल्ली का’ एवढंच विचारतात.

आता मी पहाटे चारला बसतो. पंखा बंद, खिडकीवर गोधडी, समोर दुसरी गोधडी. ‘थोर अश्रू’ या रात्रीला माझा आवाज फुटला, तर तो तसाच ठेवला. एका रात्रीच्या शेवटी माझ्या तोंडून ‘जपी ग्यात का रे?’ निघून गेलं. मी ते कापायला निघालो, तर माय म्हणाली, राहू दे.

३७ झाल्या आहेत. उरलेल्या पाच श्यामच्या आईच्या आजारपणाच्या आणि मरणाच्या. त्या नानांनी आम्हाला कधीच वाचून दाखवल्या नाहीत. तिथवर आलं की त्यांना नेमकी मुक्कामी ड्युटी लागायची.