हीरोक्लिक्स: बूस्टर फोडण्याआधीचा हिशेब

हीरोक्लिक्स हा सुपरहिरोंच्या छोट्या पुतळ्यांनी (फिगरनी) टेबलावर खेळायचा खेळ; विझकिड्स कंपनीने तो २००२ साली अमेरिकेत आणला. यातल्या फिगर रंगवलेल्याच मिळतात, त्यामुळे रंग-ब्रशचा खर्च नाही. खिसा रिकामा होतो तो बूस्टरमुळे. बंद खोका, आत ५ फिगर, कोणत्या ते फोडल्यावरच कळतं. किंमत साधारण १५ डॉलर.

समजा, एका संचात १६ रेअर (दुर्मीळ फिगर) आहेत, प्रत्येक बूस्टरमध्ये एक रेअर निघते आणि तुम्हाला त्यातली एकच हवी आहे. दहा बूस्टर, म्हणजे १५० डॉलर घातल्यावरही ती न मिळण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के. वर घरात ५० फिगर, त्यातल्या बऱ्याच दुहेरी. चेस (सगळ्यांत दुर्मीळ) फिगरच्या मागे लागलात तर विचारायलाच नको.

म्हणून पहिली खरेदी स्टार्टर सेटची करा. त्यात कोणत्या फिगर आहेत ते आधीच माहीत असतं. नकाशा, फासे, टोकन, नियम सगळं सोबत येतं. दोघांना त्यावर महिनाभर खेळता येतं. फिगरच्या शक्ती समजावणारं पॉवर्सचं कार्ड (पीएसी) विझकिड्सच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून छापून घ्या.

प्रत्येक फिगरची किंमत पॉइंटांत ठरलेली असते. मग ३०० पॉइंटची टीम कागदावर मांडा: १०० + ७५ + ७५ + ५०. चार फिगर पुरतात, कारण दर १०० पॉइंटमागे एकच अ‍ॅक्शन (चाल किंवा हल्ला) मिळते. ३०० च्या टीमला एका पाळीत तीनच. आठ स्वस्त फिगर घेतल्या तर निम्म्याहून जास्त नुसत्या उभ्या राहतात. यादी झाली की त्या फिगर सुट्या विकत घ्या. कॉमन फिगर बहुधा डॉलरच्या आतबाहेर मिळते. पोस्टेज मात्र फिगरपेक्षा जास्त पडू शकतं, तेव्हा सगळ्या एकाच विक्रेत्याकडून मागवा. भारतात मागवताना कस्टम ड्यूटीही धरा. कुणी अमेरिकेहून येणार असेल तर बॅगेत मूठभर फिगर सहज मावतात.

जुनी फिगर घेताना बुडाचा फोटो मागा. तिथे संचाचं चिन्ह आणि क्रमांक असतो, फिगरसोबत तिचं कार्ड असेल तर तो त्याच्याशी जुळला पाहिजे. एकाच पात्राच्या डझनभर आवृत्त्या असतात, फसगत इथेच होते. डायल (बुडातली आकड्यांची फिरती चकती) पूर्ण फिरते का, तेही विचारा. निखळलेली फिगर चिकटवताना सुपरग्लू टाचणीच्या टोकाएवढाच लावा; ओघळ डायलमध्ये गेला की ती कायमची अडकते. वाकलेला भाला किंवा पाय गरम पाण्यात काही सेकंद बुडवायचा, सरळ करून धरायचा आणि लगेच गार पाण्यात घालायचा. उकळतं पाणी नको, रंग जातो.

स्पर्धांत खेळणार असाल तर एक खर्च पुन्हापुन्हा येतो. मॉडर्न प्रकारात फक्त अलीकडचे संच चालतात. संच बाद झाला की त्यातल्या बऱ्याच फिगरचा भाव उतरतो. घरी खेळणाऱ्यांनी नेमक्या त्याच वेळी घ्याव्यात. स्पर्धेत बाद झाली तरी घरच्या टेबलावर तिची डायल तशीच फिरते.

बूस्टर फोडायचाच मोह झाला तर चारजण मिळून दहा बूस्टरचा गठ्ठा (ब्रिक) घ्या, आणि कोणती रेअर कोणाकडे जाणार ते फोडण्यापूर्वी ठरवा. नंतर ठरवायला गेलात की भांडण ठरलेलं.