इंग्रजी वाक्यांचे प्रकार: लांबी पाहू नका, क्रियापदं मोजा

तलाठी भरतीच्या तयारीला लागलेली आमच्या यवतमाळकडची पोरं गणित, जीके आधी उरकतात आणि इंग्रजीला शेवटी हात लावतात. 2023च्या परीक्षेत 200पैकी 50 गुण इंग्रजीचे होते, तेव्हा हे परवडणारं नाही. मी स्वतः वाक्यांच्या प्रकारांपासून सुरुवात केली. नव्यांनाही तेच सांगतो.

आधी हे पक्कं करा की वर्गीकरणं दोन आहेत. अर्थावरून असर्टिव्ह (विधान), इंटरॉगेटिव्ह (प्रश्न), इम्परेटिव्ह (आज्ञा, सूचना), एक्स्क्लमेटरी (उद्गार). रचनेवरून सिम्पल (एकच वाक्य), कंपाउंड (बरोबरीची वाक्यं जोडलेली), कॉम्प्लेक्स (एक मुख्य, दुसरं त्याच्यावर अवलंबून). एकच वाक्य दोन्हीकडे बसतं: ‘कम इन अँड सिट डाउन’ इम्परेटिव्हही आहे, कंपाउंडही.

अर्थाचे प्रकार शाळेतच झालेले असतात. जपायचं ते एका ठिकाणी: ‘हाउ हॉट इज इट?’ हा प्रश्न, ‘हाउ हॉट इट इज!’ हा उद्गार. (आपल्याकडे मे महिन्यात दुसराच जास्त लागतो.)

खरा घोळ रचनेत होतो. ‘अँड’ दिसला की पोरं कंपाउंडवर टिक करून मोकळी होतात. ‘माय फादर अँड माय अंकल ग्रो कॉटन’ यात क्रियापद एकच, ‘ग्रो’, म्हणून सिम्पल. ज्याला कर्ता आणि काळ आहे तेच क्रियापद मोजा. नुसतं आयएनजीवालं किंवा ‘टू’ लागलेलं रूप मोजायचं नाही. आता कापूस वेचून घरी गेलेली एकच बाई तीन तऱ्हांनी पाहा:

‘हॅविंग पिक्ड द कॉटन, शी वेंट होम.’ सिम्पल.
‘शी पिक्ड द कॉटन अँड शी वेंट होम.’ कंपाउंड.
‘व्हेन शी हॅड पिक्ड द कॉटन, शी वेंट होम.’ कॉम्प्लेक्स.

वाक्यरूपांतराचे प्रश्न याच तिघांत फिरतात. जोडणारा शब्दही बघावा लागतो. ‘इट रेन्ड, सो वी स्टेड होम’ कंपाउंड. तीच गोष्ट ‘बिकॉज’ने सांगितली, ‘वी स्टेड होम बिकॉज इट रेन्ड’, की कॉम्प्लेक्स. ‘बिकॉज’, ‘इफ’, ‘व्हेन’, ‘ऑल्दो’ यांच्यापासून सुरू होणारा तुकडा एकटा उभा राहत नाही.

सरावाला महागडी पुस्तकं नकोत. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरच्या इंग्रजी सूचना वाचा, बहुतेक इम्परेटिव्हच निघतील. रचनेसाठी नागपूरच्या ‘द हितवाद’ या इंग्रजी दैनिकाचा शिळा अंकही चालतो. बातमीचा पहिला परिच्छेद घ्या, पेन्सिलीने कर्ता आणि काळ असलेल्या क्रियापदांखाली रेघ मारा आणि मगच प्रकार लिहा.